पदराचं मत

पक्षाच्या गावशाखेत मला घेतलं ते माझ्या हुशारीमुळे, असा कुणाचा समज असेल तर तो आधीच काढून टाकते. तालुक्याहून निरोप आला होता की शाखेत निदान एक बाई पाहिजे आणि तिला सही करता आली पाहिजे. आमचं गाव सोनईपासून तासाभराच्या चालीवर. तिथं त्या काळी सही करणारी बाई शोधत फिरले असते तर दिवस मावळला असता. मी सातवी पास. ‘आमची सून सातवी शिकलीय’ हे वाक्य तोवर आमच्या घरात फक्त पाहुण्यांपुढे मिरवायच्या कामाला यायचं. ते असं अंगाशी येईल हे कुणाला ठाऊक?

बहात्तरचा दुष्काळ पडायच्या थोडं आधीची गोष्ट. पंचायत समितीची निवडणूक आली होती. आमच्या भागात पक्षाचं तिकीट मिळालं की माणूस निवडून आलाच म्हणून समजा. त्यामुळे खरी मारामारी तिकिटासाठी, आणि आमच्या एवढ्याशा गावातून तिकिटाला दोघं उभे! तालुक्यानं सांगितलं, आधी गावानं एक नाव ठरवा, मग आमच्याकडे या. ते नाव ठरवायचं शाखेनं. शाखेत निम्मे वरच्या आळीचे, निम्मे खालच्या आळीचे, आणि मधोमध मी.

वरच्या आळीचे उमेदवार म्हणजे माझे चुलतसासरे. माझे सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. हे त्यांचे धाकटे भाऊ, म्हणून मी त्यांना धाकले मामंजी म्हणायची. म्हणायची म्हणजे मनात. तोंडावर एक शब्द बोलायची सोय नव्हती. ते ओट्यावर आले की मी दाराआड, आणि जे काही बोलायचं ते सासूबाईंच्या तोंडून. माणूस सरळ. गावच्या विहिरीचं काम आलं तेव्हा दगड न् दगड स्वतः उभं राहून बघून घेतला. पण बोलायला महाकंजूष. मत मागायला म्हणून आमच्याकडे आले, चहा प्याले, म्हैस किती दूध देते ते विचारलं, आणि उठून गेले. सासूबाई चिडल्या. “मत मागायला आला का म्हशीचं दूध मोजायला?” असं म्हणत त्यांनी कप असा आपटला की कान तुटला.

खालच्या आळीचे उमेदवार गुऱ्हाळवाले. वय पस्तिशीचं, आवाज खणखणीत, गुऱ्हाळावर नवं इंजिन बसवलेलं. त्यांचं आजोळ माझ्या माहेरच्या गावातलं, तेवढ्या धाग्यावर त्यांनी मला बहीण मानलं होतं. ते आले ते काकवीचा गडवा घेऊनच. ओट्यावरून आत ओरडून म्हणाले, “ताई, तिकीट मिळू द्या, दुसऱ्या दिवशी इंजिनाला चक्की जोडतो. गावात गिरनी! सोनईला डोक्यावर पाट्या न्यायचं बंद!”

गिरणी. आता खरं सांगते, मला त्या निवडणुकीत बाकी कशाचंच पडलं नव्हतं. आम्ही सासू-सुना कोंबडा आरवायच्या आत उठून जात्यावर बसायचो. बाजाराच्या दिवशी जमलं तर सोनईहून दळून आणायचं, एरवी रोजचं दळण घरी. आणि सासूबाईंचा उजवा खांदा गेला होता. हात डोक्यापर्यंत जाईना. सकाळी त्यांच्या केसांचा बुचडा मी बांधून द्यायची. तरी मला एकटीला जात्यावर बसू देतील तर शप्पथ! “दोघींचं जातं हाय, दोघींनी ओढायचं,” असं म्हणून खुंटा धरायच्या. अर्ध्या पायलीपुढे त्यांचा श्वास अडकायला लागायचा, आणि तो अडकलेला श्वास मी रोज ऐकायची. मला तो खांदा सोडवायचा होता. बस्स.

म्हणून धाकले मामंजी पुन्हा आले तेव्हा मी दाराआडून सासूबाईंना खुणावलं की गिरणीचं विचारा. त्यांनी विचारलं. मामंजी म्हणाले, “गिरनीचं पीठ भाजकं असतं वयनी. भाकरी मोडती. जात्यावरच्या पिठाची चव न्हाई त्याला.”

आणि आमच्या सासूबाई काय म्हणाल्या असतील? “व्हय की!” खांदा चोळत चोळत म्हणाल्या, “व्हय की भावजी.” मी आत कपाळावर हात मारून घेतला.

मालकांना विचारावं, तर एक उमेदवार त्यांचा सख्खा चुलता आणि दुसरा लहानपणापासूनचा जोडीदार. मी विषय काढला की त्यांना नेमकी बैलांची आठवण यायची. “तुझं मत, तुझं तू बघ,” असं म्हणून गोठ्यात. त्या पंधरवड्यात आमच्या बैलांची जेवढी सेवा झाली तेवढी पोळ्यालाही झाली नसेल. आणि मी इकडे आड, तिकडे विहीर. भाकरी थापताना मामंजी बरे वाटायचे, जात्यावर बसलं की गुऱ्हाळवाले.

सभा मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात ठरली. सासूबाई माझ्या सोबतीला आल्या. त्यांना मत नव्हतं, पण तोंड होतं. तालुक्याहून एक टोपीवाले गृहस्थ आले होते. कुणीतरी चिठ्ठ्या टाकूया म्हणालं. पण शाखेत निम्मे अंगठेबहाद्दर, चिठ्ठी लिहायची कुणी? शेवटी हात वर करायचं ठरलं.

आधी धाकल्या मामंजींसाठी हात. वरच्या आळीचे हात भराभर वर गेले. माझं काहीच ठरलं नव्हतं, म्हणून मी दोन्ही हात मांडीत गच्च धरून खांबाला टेकून बसले. तेवढ्यात मामंजींना काय झालं कोण जाणे. आपल्यासाठी चारचौघं हात वर करतायत याची त्यांना लाज वाटली असावी. त्यांनी तोंड फिरवलं आणि सरळ आमच्याकडे बघितलं. सासरा समोर बघतोय आणि वाऱ्यानं माझा पदर खांद्यावर! माझा हात आपसूक वर गेला. पदर नवा, कडक, डोक्यावर ठरेना. मी तो धरून बसले. टोपीवाले बोटानं मोजत होते. त्यांनी सगळ्यांबरोबर मलाही मोजलं. मला त्याचा पत्ताच नाही.

मग गुऱ्हाळवाल्यांसाठी हात. मी शेजारी बघितलं. सासूबाई डाव्या हातानं उजवा खांदा दाबत बसल्या होत्या. झालं! माझं ठरलं. मी हात वर केला.

“ओ, ओ, ओ! बाईनं दोनदा हात केला!”

मंडपात असा गलका झाला की देवळावरची कबुतरं उडाली. “एका बाईची दोन मतं? ह्यो कुठला न्याव?” टोपीवाले माझ्याकडे वळले. “बाई, तुम्ही आधी त्यांना मत दिलंय.”

“मी? कधी?”

“मी स्वतः मोजलंय.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आता बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि बोलायचं म्हणजे धाकल्या मामंजींच्या समोर. मी उठून उभी राहिले. खांबाआड सरकावंसं वाटलं. पण खोटं मत माझ्या नावावर खपवून घेणं मला जमेना. राग आला की मला बळ येतं, तसं आलं. “त्यो हात मताचा न्हवता,” मी म्हणाले, “पदराचा व्हता!”

आणि मंडपात जे हसू फुटलं! टोपीवाल्यांनी टोपी काढून तोंडावर धरली. पण वरची आळी ऐकेना. “हात तो हात! वर गेला का न्हाई?” खालच्या आळीतून उत्तर आलं, “उद्या माशी हाकलली तरी मत धराल!” सासूबाईंना राहवेना. “मग काय सुनंनं सासऱ्याम्होरं उघड्या डोक्यानं बसायचं? तुमच्या घरी चालतं का रं?” त्यांनी आवाज चढवल्यावर जरा शांतता झाली.

आणि धाकले मामंजी उठले. “ते मत माझं न्हवं,” ते म्हणाले. “काढा.”

त्यांच्या माणसांनी त्यांचं धोतर ओढलं. “अवो खाली बसा! त्याच एका मतावर पारडं जड हाय आपलं!”

“सुनंनं पदर सावरला तो माझा मान म्हनून. त्या मानाचं मत करून खाऊ व्हय मी? काढा म्हनतो ना.”

आयुष्यात एवढं लांब भाषण त्यांनी त्याआधी केलं नसेल. टोपीवाल्यांनी एक मत कमी केलं. दोन्ही आळ्या समसमान झाल्या आणि सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघायला लागलं. “बाई, आता नीट सांगा. कुणाला?”

आता आली का पंचाईत! घडीभरापूर्वी माझं ठरलेलं होतं. पण हातात आलेलं तिकीट एका सुनेच्या पदरापायी सोडून देणारा माणूस माझ्या समोर उभा होता, आणि मला भरून आलं होतं. दुसऱ्या बाजूला सासूबाईंचा खांदा. मी काही बोलायच्या आत गुऱ्हाळवाले उठले. “आता तिला काय इचारायचं? माझी बहीन हाय ती. तिचं मत माझंच!”

माझंच! मी काय त्यांच्या गुऱ्हाळातली ढेप होते? इतका राग आला! एकानं मिळालेलं मत परत केलं आणि दुसरा न मिळालेलं खिशात घालून मोकळा. “मामंजींना,” मी म्हणाले. “माझं मत मामंजींना.”

“अगं बया!” सासूबाई ओरडल्या. “मग इतका येळ काय चाललं व्हतं?” पुन्हा सगळा मंडप हसला. कुणीतरी गुलाल उधळला, तो टोपीवाल्यांच्या टोपीवरच गेला. गुऱ्हाळवाले मात्र हसले नाहीत. पायऱ्या उतरताना म्हणाले, “ताई, गिरनी आता त्यांच्याकडंच मागा.”

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायकांनी मला घेरलं. “मानूस लई चांगला हाय बाई तुझा सासरा, पन दळून देनार हाय का आमचं?” मला तोंड वर करता येईना. आणि घरी रोज पहाटे तेच जातं, तोच अडकलेला श्वास. सासूबाई एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी एका माणसाच्या चांगुलपणाला मत दिलं होतं, आणि त्याची किंमत मोजत होता त्यांचा खांदा. खुंटा ओढता ओढता मला रडू यायचं, आणि अंधारात ते दिसत नाही हे बरंच होतं.

बरं, एवढं करून तिकिटाचं काय झालं? तालुक्यानं ते तिसऱ्याच गावच्या माणसाला दिलं. आम्ही त्याचं तोंडही बघितलं नव्हतं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं! गाव दोन दिवस सुतकात असल्यासारखं वागलं आणि मग पोट धरधरून हसलं.

त्यानंतर धाकले मामंजी एकदा ओट्यावर आले. चहा झाला. म्हशीचं दूध झालं. मग म्हणाले, “वयनी, एक इचारू का? त्या दिशी सूनबाईचा हात आधी त्याच्याकडं का गेल्ता?”

सासूबाई कप गोळा करायला लागल्या. मी दाराआड होते. पण एकदा गावासमोर तोंड उघडलेलं होतंच. आता कसली लाज? “आत्यांचा खांदा गेलाय,” मी आतूनच म्हणाले. “हात डोक्यापातूर जात न्हाई. बुचडा मी बांधते. म्हनून गिरनी पाहिजे व्हती.”

ओट्यावरून मामंजींचा आवाज आला, “वयनी, तुमी तर म्हनला व्हता, व्हय की म्हनून.”

“तुमी म्हनला म्हनून म्हनले,” सासूबाई म्हणाल्या.

मामंजी उठले. निरोप न घेता गेले. मला वाटलं, संपलं, आता हे आमच्या घराशी नातं तोडणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक गुऱ्हाळाकडून हसत हसत आले. “चुलता येडा झाला,” म्हणाले. झालं होतं असं, की धाकले मामंजी सकाळीच ज्वारीचं पोतं खांद्यावर टाकून गुऱ्हाळावर गेले होते. गुऱ्हाळवाल्यांना म्हणाले, दळून दे. ते म्हणाले, काका, चक्की कुठाय? मामंजी म्हणाले, मग बसतो. आणि चिपाडाच्या ढिगापाशी पोतं टेकवून जे बसले ते बसलेच. रस दिला, घेतला नाही. गूळ दिला, घेतला नाही. येणारा-जाणारा विचारतोय, हे काय काका? तर म्हणे, दळनाला आलोय.

सासूबाईंनी घाईघाईनं भाकरी बांधली आणि मला पिटाळलं. मी गेले तर मामंजी तसेच ताठ बसलेले. माझ्या हातातलं फडकं बघून मान हलवली. “सूनबाई, भाकरी माघारी न्या. दळन झाल्याबिगर खानार न्हाई.” माझ्याशी थेट बोललेलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

गुऱ्हाळवाले चुलवणापाशी उभे होते, घामानं आणि शरमेनं लाल झालेले. मला बघून तोंड फिरवलं. गावातला जाणता माणूस उपाशीपोटी त्यांच्या दारात बसलाय, आणि उठा म्हणायची छाती होत नाही, अशी त्यांची गत झाली होती. मी पुढे गेले. “भाऊ,” म्हणाले, “मला बहीन म्हनता ना?”

“म्हनत हुतो,” ते घुश्शात म्हणाले.

“मग भाऊबीजंची ओवाळनी कुठाय? बहीन मानल्यापासनं एक खन सुदिक दिला न्हाई. मताच्या बदल्यात गिरनी मी घेतली न्हाई. ओवाळनीत द्या, घेते.”

गुळव्या कढईतलं ढवळायचं विसरून बघत राहिला. गुऱ्हाळवाल्यांनी माझ्याकडे बघितलं, मामंजींकडे बघितलं, आणि डोकं खाजवत खाजवत शेवटी हसले. “काका, उठा आता! ही बया तुमच्यापरीस वाईट हाय! सोनईहून चक्की आनतो. आदी भाकरी खा.”

“चक्की कधी?” मामंजींनी बसल्या जागेवरून विचारलं.

“येत्या बाजाराला, काका! गुळाची शप्पथ!”

तेव्हा कुठे त्यांनी भाकरी घेतली.

शब्द पाळला हो गुऱ्हाळवाल्यांनी. इंजिनाला पट्टा टाकून चक्की बसवली आणि पहिलं पोतं मामंजींचंच दळलं. चक्कीचा तो धडधडाट ऐकायला अख्खं गाव जमलं होतं. विहिरीवर मला घेरणाऱ्या त्याच बायका पाट्या घेऊन रांगेत होत्या आणि आपण मला कधी काही बोललो होतो याची त्यांना आठवणसुद्धा नव्हती. मीही करून दिली नाही. आमचं दळण संध्याकाळी घरी आलं. सासूबाईंनी पीठ चिमटीत घेऊन बघितलं, नाक मुरडलं, जाडच आहे म्हणाल्या, आणि डबा भरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवला तशी मला सवयीनं जाग आली. उठून बसले. पडवीत काही हालचाल नव्हती. मी घाबरले. वाकून बघते, तर सासूबाई झोपलेल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांना झोपलेलं मी बघितलंच नव्हतं. मी उठायच्या आधी त्या उठलेल्या असायच्या, मी निजल्यावर त्या निजायच्या. तोंड थोडं उघडं, केस सुटलेले, दुखरा हात उशाशी सैल पडलेला. एखाद्या पोरीसारख्या दिसत होत्या.

उजाडलं. म्हैस हंबरली. तरी त्या उठल्या नाहीत. मालक डोळे चोळत बाहेर आले आणि मोठ्यानं चहा विचारायला लागले. मी तोंडावर बोट ठेवलं. “हळू बोला. आत्या झोपल्यात.”

“आई?” ते म्हणाले. “झोपलीय?”

त्यांचा विश्वास बसेना. माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि आईकडे बघत राहिले. मग त्यांनी दुधाची बादली उचलली, तिची कडी वाजू नये म्हणून हातानं धरली, आणि चवड्यांवर चालत गोठ्याकडे गेले.